सॅच्युरेशन ९६, पण श्वास मिनिटाला २६. यातलं काय धरून चालायचं?

रात्रपाळी_नवी

नमस्कार सगळ्यांना. नर्सिंग पूर्ण करून मी नुकतीच सर्जरीच्या वॉर्डात लागले आहे. रात्रपाळीतली एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून इथे विचारते.

आतड्याच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, पेशंट साठीच्या पुढचे. व्हायटल्स घेताना त्यांचे श्वास जरा भरभर वाटले. पूर्ण मिनिट मोजले तर २६ भरले. पल्स ११२, बीपी ११८/७४, ताप ३८.१ सेल्सिअस, सॅच्युरेशन ९६ आणि तेही ऑक्सिजन न लावता. पूर्ण शुद्धीत होते, बोलणं व्यवस्थित. दुखतंय का विचारलं तर म्हणाले, "नाही, झोप लागत नाही एवढंच." आधीच्या शिफ्टचा चार्ट बघितला तर श्वासाच्या रकान्यात १८, १८, १८, २०.

सोबतच्या सीनियर सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सॅच्युरेशन ९६ आहे ना? मग झालं तर. ऑपरेशनचे पेशंट घाबरलेले असतात, श्वास वाढतोच. २० लिही, आणि डॉक्टरांना उगाच उठवू नकोस." मी २६ च लिहिलं. तासाभराने परत मोजलं तर २८. मग मी स्वतःच डॉक्टरांना फोन केला. ते आले, पेशंटला तपासलं. पण त्या सिस्टर माझ्याशी अजून धड बोलत नाहीत.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ऑक्सिजन पुरेसा असताना श्वास का वाढतो? श्वास मोजायची खरी पद्धत कोणती? आणि सीनियर "२० लिही" म्हणत असतील तेव्हा नव्या मुलीने काय करायचं?

ऑनकॉल_डॉक्टर

फोन केलात ते अगदी बरोबर केलंत. पोटाच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी श्वास २६ म्हटलं की माझ्या डोक्यात लगेच यादी सुरू होते: फुप्फुसाचा खालचा भाग मिटलाय का, न्यूमोनिया सुरू होतोय का, पायातली गुठळी फुप्फुसात गेली का, आतड्याचा जोड गळतोय का, आत रक्तस्राव आहे का, सलाइन जास्त झालं का. दुखणं आणि भीतीसुद्धा यादीत आहेत, पण सगळ्यात शेवटी. बाकीचं नाही हे बघितल्यावरच "घाबरलाय" म्हणता येतं. रात्री एकला मला उठवा, चालेल. पहाटे पाचला सॅच्युरेशन ८२ झाल्यावर उठवलंत, तर करण्यासारखं फार थोडं हातात राहिलेलं असतं.

जुनी_सिस्टर

अगं, २६ लिहिलंस हे फार चांगलं केलंस. बरीच वर्षं वॉर्डात आणि आयसीयूत काढून आता मी मुलींना शिकवते, आणि पहिल्या आठवड्यात हाच विषय घेते. लांबेल जरा, सावकाश वाच.

आधी सॅच्युरेशन. बोटाचा प्रोब एवढंच सांगतो की रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन चढलाय. तो चढवायला पेशंटला किती कष्ट पडतायत हे त्याला कळत नाही. ओझं घेऊन जिना चढणारा माणूस ओझं खाली पडू देत नाही, पण त्याची धाप बघून आपण ओळखतो ना, अजून किती मजले चढेल ते? तुझ्या पेशंटचं ९६ हे २६ श्वासांच्या जोरावर टिकलेलं होतं.

त्यात हिमोग्लोबिनची तऱ्हा अशी की वरच्या टोकाला आकडा सहजी हलत नाही. धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब १०० मिलिमीटरवरून ७० वर उतरला तरी सॅच्युरेशन ९४ च्या आसपास दिसत राहतं. दाब ६० झाला की ९०. आणि त्याखाली मात्र घसरगुंडी सुरू होते. म्हणून सॅच्युरेशन पडेपर्यंत थांबलं तर मधला सगळा वेळ आपण वाया घालवलेला असतो.

शिवाय श्वास वाढायला ऑक्सिजन कमी व्हावाच लागतो असं नाही. श्वासाचा लगाम मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आणि आम्लतेच्या हातात असतो. जंतुसंसर्ग रक्तात पसरायला लागला, आत रक्तस्राव झाला, लॅक्टिक आम्ल साठलं, की ते आम्ल कमी करायला शरीर श्वास वाढवतं. फुप्फुसं धडधाकट, सॅच्युरेशन ९८ आणि श्वास ३०, असे पेशंट मी कितीतरी पाहिलेत. मधुमेहाच्या किटोअॅसिडोसिसमधला, म्हणजे रक्तात आम्ल साठतं तेव्हाचा, खोल, भरभर चालणारा कुसमॉल श्वासही याच जातीचा.

आता तू दिलेले आकडे न्यूज-२ मध्ये घालून बघ. ही गुणपद्धत ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. १६ वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका सोडून बाकीच्यांना ती लागू होते. श्वास २५ किंवा जास्त, त्याचे ३ गुण. पल्स १११ ते १३० मध्ये, २ गुण. ताप ३८.१, १ गुण. बीपी, शुद्ध आणि सॅच्युरेशन, तिन्हींना शून्य. बेरीज ६. पाच किंवा जास्त झाले की डॉक्टरांनी तातडीने बघायचं, तासातासाला व्हायटल्स घ्यायचे, आणि जंतुसंसर्गाचा विचार करायचा.

आता श्वासाच्या जागी २० लिही. त्याचे गुण शून्य, बेरीज ३, आणि पुढची नोंद चार ते सहा तासांनी! पेशंट तोच, बेड तोच, रात्र तीच. एका रकान्यात मनाने भरलेल्या आकड्यामुळे त्या माणसाकडे सकाळपर्यंत कुणी फिरकलं नसतं. तळमळून सांगते, कारण चार्टमधल्या बाकीच्या बहुतेक आकड्यांना मशीन आहे, पण श्वास आपला आपल्यालाच मोजावा लागतो. म्हणून खोटा आकडा नेहमी तिथेच शिरतो.

मोजायची पद्धत अशी. पेशंट चालून किंवा बाथरूमला जाऊन आला असेल तर पाचेक मिनिटं बसू दे. नाडी बघून झाली की बोटं मनगटावर तशीच ठेव, त्याला वाटू दे की तू अजून नाडीच बघतेयस, आणि नजर छातीवर ने. "आता श्वास मोजते" म्हटलंस की कुणाचाही श्वास बदलतो. पांघरूण जाड असेल किंवा श्वास उथळ असेल, तर नाडी बघताना त्याचाच हात त्याच्या छातीच्या खालच्या भागावर ठेव. हात वर जाऊन खाली आला की एक श्वास. सेकंदकाटा लागतोच. तो बोलत असताना मोजू नकोस.

मिनिट पूर्ण का, तर १५ सेकंद मोजून चाराने गुणलंस की उत्तर १६, २०, २४, २८ एवढंच येऊ शकतं. मोजण्यात एका श्वासाची चूक झाली तर नोंदीत चाराची होते, आणि २० चे २४ झाले की शून्याचे २ गुण होतात. अख्ख्या वॉर्डाच्या चार्टवर १६ आणि २० च दिसले की मी समजून जाते.

आकड्याबरोबर श्वास बघायलाही शिक. दोन्ही बाजूंची छाती सारखी वर येतेय का? मानेचे स्नायू ताणले जातायत का, बरगड्यांमधली जागा आत ओढली जातेय का, नाकपुड्या फुलतायत का? उशांना टेकायचं सोडून हात टेकवून पुढे वाकून बसलाय का? आणि सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे काहीतरी विचार आणि तो एका दमात किती शब्द बोलतो ते ऐक. पूर्ण वाक्य बोलणारा आणि दोन-दोन शब्दांवर थांबणारा, यांत फार अंतर आहे. ओठ निळे व्हायची वाट बघू नकोस, ते फार उशिरा होतं. त्याच्या किती तरी आधी पेशंट अस्वस्थ होतो, मास्क ओढून काढतो, चिडतो, काहीबाही बोलतो. अशा माणसाला "त्रास देतोय" म्हणून झोपेचं इंजेक्शन मागायच्या आधी श्वास मोज आणि सॅच्युरेशन बघ.

एकटीच_ड्युटीवर

सगळं पटतं, पण रात्री एका नर्सकडे वॉर्डभर पेशंट असतात. प्रत्येकाचा श्वास पूर्ण मिनिट मोजायचा तर औषधं कधी द्यायची? शिकवताना सोपं वाटतं. त्या सीनियर सिस्टरही दमलेल्या असतील, हे कुणी बोलत नाही.

जुनी_सिस्टर

दमलेल्या असणारच, आणि तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. नर्स कमी असणं हा पेशंटच्या सुरक्षिततेचाच प्रश्न आहे आणि तो वरपर्यंत लेखी पोचवायलाच हवा.

तोपर्यंत मी अशी वाटणी करते. श्वास शांत आणि लयीत आहे, पेशंट स्थिर आहे, तर ३० सेकंद मोजून दुप्पट. पूर्ण मिनिट कुणाला? ज्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय, ऑक्सिजन चालू आहे, मॉर्फिनसारखी औषधं चालू आहेत, नवीन दाखल झालाय, श्वास अनियमित आहे, किंवा ३० सेकंदांत आलेला आकडा गेल्या वेळेपेक्षा वेगळा आहे. आणि ज्याच्याकडे बघून तुम्हाला काहीतरी बिघडलंय असं वाटतंय, तोही यात आला.

मोजायला खरंच जमलं नाही तर रकाना रिकामा ठेवा आणि का ते लिहा. रिकामा रकाना बघून पुढची मुलगी मोजेल. १८ दिसले तर ती पुढे निघून जाईल.

बालरोग_वॉर्ड

मुलांचं वेगळं आहे म्हणून चार ओळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे जलद श्वास. मूल शांत असताना, आईच्या मांडीवर, अंगातलं वर करून पूर्ण मिनिट मोजायचं. रडताना किंवा दूध पिताना मोजलेलं धरायचं नाही. तान्ही बाळं पोटाने श्वास घेतात आणि मध्ये पाच-दहा सेकंद थांबतातही, म्हणून थोडा वेळ मोजून उत्तर चुकतं. श्वास २० सेकंदांहून जास्त थांबला तर मात्र धावायचं. छातीचा खालचा भाग आत ओढला जाणं, कण्हणं, श्वासाबरोबर डोकं हलणं, ही लक्षणं आकड्याइतकीच महत्त्वाची.

आणखी एक, जे नव्या मुलींना हमखास फसवतं. खूप वेळ धापा टाकणारं मूल अचानक शांत झालं, श्वास ६० वरून ३० वर आला, आणि ते मलूल दिसतंय, तर ते बरं होत नसून थकलंय. दम्यात घरघर बंद झाली तरी हवा आत जातेय का हे स्टेथोस्कोपने ऐकल्याशिवाय खूश होऊ नका.

भूल_विभाग

वर सगळे वाढलेल्या श्वासाबद्दल बोलले. मला मंदावलेल्या श्वासाचं सांगायचंय, कारण ऑपरेशननंतर तोही तितकाच घातक आणि सॅच्युरेशन तिथे जास्त फसवतं.

मॉर्फिन, फेंटानिल अशी जोरदार वेदनाशामकं चालू असलेल्या पेशंटला ऑक्सिजन लावलेला असेल तर श्वास मिनिटाला ८ झाला तरी सॅच्युरेशन ९८ दाखवू शकतं. आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि प्रोबला त्याचा पत्ता नसतो. श्वास मंदावण्याआधी बहुधा गुंगी वाढते. म्हणून श्वासाबरोबर पेशंट किती सहज जागा होतो याचीही नोंद करा. बोलता बोलता डोळे मिटत असतील तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना कळवा. मोजायचं मात्र त्याला उठवायच्या आधी, कारण हाक मारली की श्वास वाढतो आणि खरा आकडा हातचा जातो. जोरात घोरणं म्हणजे गाढ झोप असं समजू नका, श्वासमार्ग अर्धवट बंद होत असतो. नॅलोक्सोन, म्हणजे या औषधांवरचा उतारा, दिल्यावर पेशंट ताडकन जागा होतो, पण त्याचा परिणाम मूळ औषधाआधी उतरू शकतो, तेव्हा नंतरही जवळून लक्ष ठेवावं लागतं.

मॉनिटरवरच्या श्वासाच्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबू नका. ईसीजीच्या तारांवरून तो छातीची हालचाल मोजतो, हवा आत गेली की नाही हे नाही. श्वासमार्ग बंद असून छाती नुसती हलत असली तरी तो श्वास मोजत राहतो. जिथे कॅप्नोग्राफी आहे तिथे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइडच दिसतो, साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर. वॉर्डात ती क्वचित असते, म्हणून तुमचे डोळे लागतात.

रात्रपाळी_नवी

सगळ्यांचे मनापासून आभार. त्या पेशंटचा एक्स-रे झाला, उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नव्हता आणि संसर्गही सुरू झाला होता. अँटिबायोटिक्स आणि छातीचे व्यायाम सुरू आहेत, आज खुर्चीत बसले होते.

ताई, अजून एक विचारू? आता माझ्याकडे सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट फुप्फुसविकाराचे, एक पेशंट आहेत. डॉक्टरांनी सॅच्युरेशन ८८ ते ९२ ठेवायला लिहिलंय. नातेवाईक सारखे म्हणतात, "९० च आहे, ऑक्सिजन वाढवा." मी काय सांगू? आणि डॉक्टरांना फोनवर नेमकं काय आणि कोणत्या क्रमाने सांगायचं?

जुनी_सिस्टर

खुर्चीत बसले हे वाचून फार बरं वाटलं.

सीओपीडीच्या काही पेशंटमध्ये जास्त ऑक्सिजन दिला की कार्बन डायऑक्साइड साठतो, गुंगी येते, म्हणून त्यांचं लक्ष्यच ८८ ते ९२ असतं. बाकीच्या बहुतेक मोठ्या माणसांचं ९४ ते ९८. न्यूज-२ मध्येही अशांसाठी सॅच्युरेशनची दुसरी पट्टी आहे. त्यात ऑक्सिजनवर ९७ किंवा जास्त दिसलं तर ३ गुण लागतात. ती पट्टी वापरायची की नाही हे मात्र डॉक्टर ठरवतात, आपण मनाने नाही. नातेवाइकांना सरळ सांग, "यांच्यासाठी ९० हा बरोबर आकडा आहे, जास्त ऑक्सिजनने यांना झापड येईल, आणि मी दर थोड्या वेळाने बघतेय." पण म्हणून सॅच्युरेशन ८० असताना सीओपीडी आहे म्हणून ऑक्सिजन रोखायचा, असं कधीही करू नकोस. आणि जास्त झालेला ऑक्सिजन एकदम काढूनही टाकायचा नाही, पायरीपायरीने कमी करायचा.

अशा पेशंटला व्हेंचुरी मास्क असेल तर उत्तम, त्यात २४ किंवा २८ टक्के असं ठरावीक प्रमाण मिळतं. प्रवाह किती ठेवायचा ते त्याच्या रंगीत तुकड्यावरच लिहिलेलं असतं, तेवढाच ठेव. नाकातली नळी १ ते ६ लिटर. साधा मास्क ५ लिटरच्या खाली कधीही नाही, नाहीतर पेशंट आपलाच सोडलेला श्वास परत घेतो. पिशवीचा नॉन-रिब्रीदर लावताना १० ते १५ लिटर, आणि पिशवी आधी फुगवून मगच तोंडावर. श्वास घेताना पिशवी चपटी होत असेल तर प्रवाह कमी पडतोय.

९० दिसल्यावर नुसता आकडा बघून निघू नकोस. हात गार आहे का, नखांना रंग आहे का, प्रोब नीट बसलाय का, मॉनिटरवरची लहर चांगली येतेय का, आणि प्रोबवरची पल्स मनगटाच्या पल्सशी जुळते का ते बघ. त्वचा गडद असेल तर प्रोब खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. धुरात सापडलेल्या माणसाचं सॅच्युरेशन कार्बन मोनॉक्साइडमुळे खोटं चांगलं येतं, आणि रक्त कमी असेल तर टक्केवारी छान दिसूनही अंगाला ऑक्सिजन कमीच पोचतो. पाठ ३० ते ४५ अंश वर असू दे, जास्त धाप असेल तर अजून ताठ बसव. कॉल बेल त्याच्या हाताशी हवी, भिंतीला अडकवलेली नको. बाथरूमला जायला ऑक्सिजन काढून एकट्याला पाठवू नकोस, धापेचे पेशंट तिथेच पडतात.

फोनचा क्रम एसबीएआरचा: आत्ता काय आहे, मागचं काय, तुला काय वाटतं, तुला काय हवंय. तुझ्या त्याच पेशंटवर सांगते. "डॉक्टर, मी सर्जरी वॉर्डातून नर्स बोलतेय, सात नंबरच्या पेशंटबद्दल. श्वास २८ आहे, पूर्ण मिनिट मोजलाय, तासापूर्वी २६ होता. आतड्याच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. पल्स ११२, बीपी ११८/७४, ताप ३८.१, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ९६, न्यूज ६. छातीचा किंवा पोटाचा संसर्ग सुरू होतोय असं मला वाटतं. तुम्ही येऊन बघावं. तोपर्यंत काय करू?" फोनच्या आधी चार्ट हातात घे, पेशंटचं नाव आणि नोंदणी क्रमांक दोन्ही मनगटपट्टीवरून जुळवून घे, आणि डॉक्टर जे सांगतील ते लिहून त्यांना परत वाचून दाखव. तुझं नाव, वेळ, सांगितलेलं आणि केलेलं, सगळं नोंदीत हवं.

राहिल्या तुझ्या सीनियर. त्यांच्याशी वाद पेशंटच्या उशाशी घालू नकोस. पुढच्या वेळी असं झालं तर एवढंच म्हण, "ताई, माझा आकडा जास्त येतोय, तुम्ही एकदा माझ्याबरोबर मोजता का?" दोघी मिळून एक मिनिट मोजा. बहुतेक जणी मोजल्यावर स्वतःच फोन उचलतात. आणि दोघींनी मोजूनही त्या "२० लिही" म्हणाल्या, तर तू मोजलेला आकडा लिही, तुझी सही तुझी आहे, आणि इन्चार्जना सांग. आजच्या हँडओव्हरला सीओपीडीवाल्यांचं लक्ष्य ८८ ते ९२ आहे हे पुढच्या मुलीला तोंडी सांग आणि बेडजवळच्या चार्टवर ठळक लिही, म्हणजे नातेवाइकांच्या सांगण्यावरून कुणी ऑक्सिजन वाढवणार नाही.